नापास चाचणीचे मोल

३१ मार्च १९९३. पहाटे साडेतीनचा सुमार. उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यात, गंगेच्या काठी, नरोरा अणुवीज केंद्राच्या पहिल्या संचातील टर्बाइनची दोन पाती तुटली. वेगात फिरणारे यंत्र तोल जाऊन थरथरले, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन सीलमधून निसटला आणि त्याने पेट घेतला. मग वंगणाचे तेल पेटले आणि आग केबलींपर्यंत पोचली. नेहमीच्या वीजपुरवठ्याच्या आणि आणीबाणीच्या वीजपुरवठ्याच्या केबलींमध्ये आगीला अडवणारे काही नव्हते, त्यामुळे दोन्ही जळाल्या. डिझेल जनित्रे होती, पण त्यांची वीज पोचवायला तार उरली नव्हती. सतरा तास ते केंद्र विजेविना होते.

नियंत्रण कक्षात धूर भरला आणि कक्ष सोडावा लागला. पाळीवरच्या लोकांनी पहिल्या मिनिटभरातच अणुभट्टी बंद केली होती, पण बंद भट्टीतही उष्णता निर्माण होतच राहते. त्यांनी आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलवरचे पंप चालवून बाष्पजनित्रांत पाणी सोडले. काही जण विजेऱ्या घेऊन भट्टीच्या इमारतीत वर चढले आणि हाताने झडपा उघडून बोरॉनचे द्रावण आत सोडले. साखळी प्रक्रिया पुन्हा सुरू होण्याची शक्यताच उरू नये, म्हणून. किरणोत्सार बाहेर पडला नाही, कोणी दगावले नाही. त्या रात्रीची ती माणसे आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक असायला हवी होती.

त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र तेवढ्यावर थांबणे हा त्यांच्यावरच अन्याय होईल, कारण त्यांना ज्या संकटात उडी घ्यावी लागली त्याची सूचना आधी मिळालेली होती. अपघाताच्या वर्षीच अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष झालेले डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, टर्बाइनची मूळ रचना करणाऱ्या ब्रिटिश कंपनीने १९८९ मध्येच पात्यांतील दोष टर्बाइन बनवणाऱ्या ‘भेल’ या सरकारी कंपनीला कळवला होता. भेलने सुधारित पात्यांची रेखाटने तयार केली, ती केंद्र चालवणाऱ्या अणुऊर्जा महामंडळाकडे गेली, पाती मात्र बदलली गेली नाहीत. केबलींचा धडा तर त्याहून जुना. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, ब्राउन्स फेरी केंद्रात, केबली भिंतीतून जातात तिथे हवा गळते का हे एक कामगार मेणबत्तीच्या ज्योतीने तपासत होता. फोम पेटला आणि सोळाशेच्या आसपास केबली निकामी झाल्या. तपासणीच आगीचे कारण ठरली. त्यानंतर अमेरिकेने पर्यायी यंत्रणांच्या केबली एकमेकींपासून वेगळ्या ठेवण्याचे नियम केले. नरोरात ते शहाणपण अठरा वर्षांनंतरही पोचले नव्हते.

नरोरात तपासणीचा निष्कर्ष दुर्लक्षिला गेला. दक्षिण कोरियात त्याहून गंभीर गोष्ट घडली: निष्कर्षच बदलला गेला. मे २०१३ मध्ये तिथल्या अणुसुरक्षा आयोगाने जाहीर केले की शिन कोरी आणि शिन वोलसाँग इथल्या अणुभट्ट्यांत बसवलेल्या नियंत्रण केबलींचे चाचणी अहवाल बनावट आहेत. या केबली साध्या नव्हेत. भट्टीला थंड ठेवणारे पाणी निसटले, आत प्रचंड उष्णता, वाफ आणि किरणोत्सार कोंडला, तर त्या भयंकर परिस्थितीतही सुरक्षा यंत्रणांना ‘बंद हो’, ‘उघड’ असे आदेश पोचवणे हे त्यांचे काम. म्हणून त्यांना आधी प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या म्हातारे करतात, किरणोत्सार देतात, वाफेत ठेवतात आणि तरीही संदेश जातो का ते पाहतात. कॅनडातल्या प्रयोगशाळेत काही नमुने या कसोटीला उतरले नाहीत. मायदेशातल्या चाचणी कंपनीने आकडे फिरवले, नापास केबली उत्तीर्ण झाल्या, वरच्या अधिकाऱ्यांच्या सह्या झाल्या आणि केबली भट्टीत गेल्या.

असा खोटेपणा वर्षानुवर्षे लपून राहू शकतो, ही त्यातली सर्वांत भीतीदायक बाब. खराब पंप आवाज करतो, गळकी झडप ओल दाखवते. अपघाताच्या वेळीच उपयोगी पडायची असलेली केबल मात्र रोज शांतपणे काम करते. ती खरी की खोटी हे सांगणारी एकच जागा असते, प्रयोगशाळेतला तो एक दिवस. तो दिवस विकला गेला, की पुढची परीक्षा थेट अपघातच घेतो. आपल्याकडे गाडीचा धूर न तपासता हातात पडणारे पीयूसी प्रमाणपत्र ज्याने पाहिले आहे, त्याला कागद आणि वस्तू यांत किती अंतर पडू शकते हे वेगळे सांगायला नको.

कोरियात हे उघडकीला आले ते एका निनावी तक्रारीमुळे. त्यापुढे सरकारने जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. चालू भट्ट्या बंद करण्यात आल्या, तेही कडक उन्हाळ्याच्या तोंडावर, देशाची जवळपास एकतृतीयांश वीज अणुऊर्जेतून येत असताना. ऑगस्टमध्ये विजेची इतकी ओढाताण झाली की सरकारी कचेऱ्यांतली वातानुकूलन यंत्रे बंद ठेवली गेली. केबली काढून नव्या घातल्या, मगच २०१४ च्या आरंभी भट्ट्या सुरू झाल्या. चौकशीत शंभर जणांवर खटले भरले गेले, त्यांत अणुवीज कंपनीचे माजी प्रमुखही होते. बांधकाम सुरू असलेल्या शिन कोरी ३ मधल्या केबली फेरचाचणीत नापास झाल्या. ही भट्टी म्हणजे संयुक्त अरब अमिरातीला विकलेल्या प्रकल्पाचा आदर्श नमुना होती आणि तिला उशीर होणे देशाला महागात पडणारे होते. तरीही केबली बदलल्या गेल्या. पहिल्या पापाचे हे समर्थन नाही. पण चूक दुरुस्त करणे म्हणजे काय, हे त्या उन्हाळ्यात कोरियाने किंमत मोजून दाखवले. नुसता खुलासा काढून, एखाद्या कनिष्ठावर ठपका ठेवून, भट्ट्या चालू ठेवणे कितीतरी सोपे होते.

नरोरानंतर आपल्याकडेही सुधारणा झाल्या. पाती बदलली, केबलींचे मार्ग वेगळे केले गेले, आग रोखणारे अडथळे घातले गेले. ते काम मनापासून झाले, हे नोंदवायला हवे. आता मात्र नवी परिस्थिती आली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ‘शांती’ कायद्याने अणुवीज क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले आणि १९८३ पासून केवळ सरकारी आदेशाच्या आधारे चालत आलेल्या नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला. नियामक स्वतंत्र असावा ही गोपालकृष्णन यांच्यासारख्यांची जुनी मागणी होती. कायद्याने दर्जा मिळाला. त्यात जीव किती आहे हे पुढच्या नियमांवर ठरेल. यापुढे पुरवठादार वाढतील, उपपुरवठादार वाढतील, चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा वाढतील आणि प्रत्येकाला वेळेत माल द्यायची घाई असेल.

म्हणून नियम लिहिताना काही गोष्टींवर मंडळाने अडून बसावे. सुरक्षेच्या उपकरणांची चाचणी कोण करणार हे माल विकणाऱ्याने ठरवू नये, तिचे पैसेही त्याने थेट देऊ नयेत. प्रयोगशाळेचे मूळ आकडे परस्पर मंडळाकडे यावेत. मध्ये कुणाच्या टेबलावर ते थांबू नयेत. निनावी तक्रार करणाऱ्याला संरक्षण असावे आणि नापास शेरा देणाऱ्या तंत्रज्ञाची बढती त्यामुळे अडू नये. सर्वांत अवघड मागणी शेवटची आहे: दरवर्षी किती उपकरणे चाचणीत नापास झाली, कुठल्या केंद्रातली, आणि त्यांचे पुढे काय केले, हे मंडळाने प्रसिद्ध करावे. मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरात आहे. तारापूर तिथून फार लांब नाही आणि जैतापूरच्या प्रकल्पाचा वाद महाराष्ट्राने वर्षानुवर्षे ऐकला आहे. त्या गावांतल्या लोकांना ‘सर्व काही सुरक्षित आहे’ हे वाक्य अनेकदा ऐकवून झाले आहे. नापास उपकरणांची यादी त्यांच्या हाती मराठीत पडावी.