शूट कोणी केलं?

परवा रविवारी ताईकडे डोंबिवलीला गेलो होतो. पोटात मटण, डोळ्यांवर झोप. तेवढ्यात भाचा शेजारी येऊन बसला आणि मोबाइल पुढे केला. ‘मामा, हे बघ. सॉलिड आहे.’

बघितलं. लोकलच्या दारात एका हातानं दांडा धरून एक पोरगा बाहेर झुकलेला. खांब आला की आत, गेला की पुन्हा बाहेर. मागून शिट्ट्या. माझी झोपच उडाली.

मग काय, लेक्चर सुरू. १९८९चा रेल्वे कायदा, कलम १५६, पायदानावरून किंवा टपावरून प्रवास हा गुन्हा, वगैरे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘आई म्हणते, तूपण लटकायचास.’

घ्या! ताई, तुझं भलं होवो.

खोटं कशाला बोलू? साल २००८, ठाण्यातलं ज्युनियर कॉलेज. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा आला की अख्खा डबा ओरडायचा आणि अस्मादिक दाराबाहेर! ‘गुन्हा आहे’ ही पाटी रोज वाचायचो. तिनं कधी अडवलं नाही. पण एक गोष्ट आत्ता लक्षात येते. ज्या दिवशी ग्रुप नसायचा, त्या दिवशी मी मुकाट आत उभा असायचो. एकटा असताना एकदाही लटकलो नाही.

याला शास्त्र आहे, बॉस. २००५ साली अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना कॉम्प्युटरवर गाडी चालवण्याचा गेम खेळायला दिला. काहींना एकट्यानं, काहींना दोस्तांसमोर. दोस्त बघत असले की १३ ते १६ वयाची मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत होती. चोविशीपुढच्या मंडळींना मात्र प्रेक्षकांनी फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे पाटी वाचणारा पोरगा एकटा असतो, लटकणारा नसतो.

टपावर चढणाऱ्यांचं तर आता आणखी अवघड झालंय. माझ्या वेळी आमच्या गाडीवरच्या तारेत १,५०० व्होल्ट डीसी होते. २०१६ पर्यंत मुंबईच्या सगळ्या लोकल मार्गांवर २५,००० व्होल्ट एसी आले. तारेला हात लावायचीही गरज नाही. नुसतं जवळ गेलं तरी वीज मधली हवा ओलांडून अंगात शिरते.

२०२४च्या जुलैत लोकलमधल्या स्टंटचा एक व्हिडिओ गाजला होता, आठवतोय? रेल्वेचे पोलीस त्या मुलाला शोधत घरी पोचले, तर दुसऱ्याच एका स्टंटमध्ये त्याचा एक हात आणि एक पाय आधीच गेलेला होता. लोक मात्र जुन्याच व्हिडिओला लाइक देत होते.

आपण ऑफिसवाले नाइलाजानं दारात उभे राहतो, ती गोष्ट वेगळी. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारातली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. ती हौसेनं लटकत नव्हती. गर्दीचा इलाज रेल्वेनं करायचा. हौसेचा इलाज मात्र डब्यातच आहे.

म्हणून मी लेक्चर थांबवलं आणि भाच्याला विचारलं, ‘हे शूट कोणी केलं?’

तो गप्प. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

‘मी,’ तो हळूच म्हणाला.

मी ओरडलो नाही. ‘तुझा मोबाइल खिशात असता, तर तो लटकला असता का?’ एवढंच विचारलं. तो उठून आत गेला. ताईनं चहा आणला, मी विषय काढला नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला तर फॉरवर्ड करू नका. डब्यात कुणी लटकताना दिसला तर मागून एकदम ओरडूही नका, दचकून हात सुटायचा. शिट्ट्या मारणाऱ्या दोस्ताच्या खांद्यावर हात ठेवा आणि म्हणा, ‘आत घे रे त्याला.’ मोठ्यांचं ऐकणार नाही, पण त्याचं ऐकेल.

काल दुपारी मीटिंगमध्ये भाच्याचा मेसेज आला. ‘आज शूट नाही केलं. त्याला आत ओढलं. जाम शिव्या घातल्या त्यानं.’

मी लिहिलं, ‘घालू दे.’