पहिल्या तीन ओळींचे भांडवल



बोर्डाची परीक्षा जवळ आली की पिशोरच्या बाजारपेठेत दुकानांमागील खोल्यांतून पाठांतराचे स्वर ऐकू येऊ लागतात. परवा आमच्या शेजारच्या कापड दुकानदारांची कन्या सराव परीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन आली. ती बारावी वाणिज्य शाखेत आहे. पुस्तपालनात उत्तम गुण. मराठीच्या रसग्रहणाला मात्र चारपैकी एक. सोबत आलेले वडील हसून म्हणाले, "साहेब, मराठीच्या गुणांवर दुकान थोडेच चालते?" मुलीचे डोळे भरून आले.

मी उत्तर वाचले. 'युवकभारती'तील कल्पना दुधाळ यांची 'रोज मातीत' ही कविता रसग्रहणासाठी होती. शेतात राबताना, पिकाची लागवड करताना मातीशी एकरूप झालेल्या कष्टकरी स्त्रीचे ते मनोगत आहे. मुलीने आरंभी मराठी कवितेची थोर परंपरा, कवीचे समाजातील स्थान, निसर्ग आणि मानव यांचे नाते अशी पाठ केलेली प्रस्तावना पानभर उतरवली होती. कविता अगदी शेवटी आली आणि वाक्य अर्ध्यावरच तुटले. वेळ संपली होती.

मी विचारले, "बेटा, ही कविता वाचून तुला काय वाटले?"

ती म्हणाली, "आजोबा, आमच्या दुकानात शेतावरच्या बायका येतात ना, त्यांच्या हातांना भेगा असतात. साडीचा पोत पाहताना त्या भेगांत धागा अडकतो. मला ते हात आठवले. या बाईला शेत आणि आपला देह निराळा वाटतच नाही."

"मग हे का नाही लिहिलेस?"

"असे लिहायचे असते?"

या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. जे तिचे स्वतःचे होते ते तिने मनात ठेवले आणि उसने मात्र कागदावर मांडले.

आपण व्यापारी माणसे. आधी हिशेब पाहू. मराठीची लेखी परीक्षा 80 गुणांची, वेळ तीन तास, म्हणजे 180 मिनिटे. एका गुणाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटे आणि चार गुणांच्या रसग्रहणाला नऊ मिनिटे येतात. त्यांतील दोन मिनिटे ओळी पुन्हा वाचून विचार करण्यास, दोन प्रारंभास आणि पाच विवेचनास द्यावीत. प्रारंभ तीन ओळींहून लांबला, तर भांडवलातच हात घातला असे समजावे.

बँकेत कर्जप्रस्तावाचे टिपण लिहिताना अर्जदार कोण, रक्कम किती, कशासाठी आणि आमची शिफारस काय, हे पहिल्याच परिच्छेदात सांगावे लागे. कारणे पुढे येत. टेबलावर फायलींचा ढीग असलेला वरिष्ठ प्रथम तेवढेच वाचतो. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापुढे बसलेल्या परीक्षकाची स्थिती याहून निराळी नसते. म्हणून प्रारंभात तीनच गोष्टी असाव्यात: कविता व कवीचा नामनिर्देश, कवितेविषयी आपले एक निश्चित मत, आणि ते मत कवितेतील कोणत्या साधनांवर उभे आहे याची सूचना.

आपल्या परंपरेत याचा उत्तम आदर्श आहे. आचार्य उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र दहा अध्यायांचे आहे. परंतु सम्यक् दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य मिळून मोक्षमार्ग होतो, हे प्रतिपादन पहिल्याच सूत्रात येते. पुढील सारा ग्रंथ त्याचा विस्तार होय. आधी सिद्धान्त, मग विवेचन, असा हा क्रम आहे.

तासाभराने मुलीने नवा प्रारंभ लिहून दाखवला: "'रोज मातीत' या कवितेत कल्पना दुधाळ यांनी शेतकरी स्त्रीच्या कष्टांचे केवळ वर्णन केलेले नाही, तिचे पीक आणि तिचे जगणे यांतील सीमारेषाच त्यांनी पुसून टाकली आहे. लागवडीच्या रोजच्या क्रिया, बोलीतील साधे शब्द आणि गाण्यासारखी लय यांतून हे एकरूपत्व साकार होते."

दुकानातील हातांचा उल्लेख यात नाही. पण त्या हातांवाचून हे मत तिला सुचले नसते. शिवाय पुढील तीन परिच्छेद कशाचे असावेत, हेही येथेच ठरून गेले: क्रिया, शब्द आणि लय.

वडिलांनी कागद दोनदा वाचला. मग हळूच म्हणाले, "ते हात मीही रोज पाहतो, साहेब."

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मार्गदर्शकातील प्रस्तावना मुलांकडून पाठ करवून घेऊ नका. रात्री दुकान वाढवल्यावर दहा मिनिटे जवळ बसवा, एक कविता मोठ्याने वाचू द्या आणि विचारा, "तुला यात काय दिसले?" जे उत्तर येईल, ते एका पूर्ण वाक्यात लिहायला लावा. परीक्षेतील पहिली ओळ तेथेच तयार होते.