दाखला देऊन मोकळे

मुलाने वर्गात मोबाईल चोरला की आमच्या शाळांना दोनच उपाय सुचतात: पोलिसांना फोन, नाही तर पालकांच्या हाती दाखला. पहिल्यास हल्ली 'सहकार्य' असे भारदस्त नाव मिळाले आहे. आमचा विरोध सहकार्याला नाही, अंग काढून घेण्याला आहे.

२०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असावयास हवा. मुलाला बेडी नाही, कोठडी नाही. २०१६ च्या नियमांनुसार किरकोळ गुन्ह्यात, प्रौढ साथीदार नसेल तर, एफआयआरही नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. ती परिस्थिती वर्गशिक्षिकेइतकी कोणाला ठाऊक असते? बाप पितो, आई पहाटेच्या गाडीने कामाला जाते, हे तिने सांगायचे. खरे सहकार्य ते. आमच्या किती मुख्याध्यापकांना त्या अधिकाऱ्याचे नाव तरी माहीत आहे?

शिक्षणहक्क कायदा आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्यातून सुटल्या. ही सुटका दाखले वाटण्यासाठी होती काय?

१८४१ साली गुरुदीक्षा घेतलेले डॉन बॉस्को तुरीनच्या तुरुंगांत जात. सुटलेली मुले पुन्हा आत येत, कारण बाहेर त्यांना आपले म्हणणारे कोणी नसे. त्यांच्या तसबिरी आमच्या कार्यालयांत आहेत. त्याच तसबिरीखाली बसून आम्ही दाखल्यावर शिक्का मारतो.

असा दाखला मिळालेला एक मुलगा अजून रविवारच्या मिस्सेला येतो. शेवटच्या बाकावर बसतो, आणि शेवटच्या गीताआधी निघून जातो.