'घ'चा 'ढ'

गेल्या शनिवारी बोईसरला ताईकडे गेलो होतो. तिसरीतला भाचा वही पुढ्यात घेऊन, एवढंसं तोंड करून बसलेला. वहीत इंग्रजी शब्दांची यादी: नाइट, लाइट, एट, डॉटर, रफ, कफ, लाफ, गोस्ट... सगळ्यांत 'जी' आणि 'एच' शेजारी शेजारी, म्हणून सगळे एका यादीत. गृहपाठ काय, तर प्रत्येक शब्द दहादा लिहा आणि पाठ करा. बस्स.

म्हटलं, वाच बघू. पठ्ठ्याने 'नाइट'चं 'निघ्ट' केलं. ताई उखडलीच. "सतरा वेळा सांगितलंय याला!" मी विचारलं, "अरे, घ कुठून आणलास?"
तर म्हणाला, "मामा, पालघरच्या पाटीवर घच आहे की."

आता बोला! पालघर स्टेशनच्या पाटीवर जी-एच म्हणजे घ. डहाणूच्या पुढच्या घोलवडला जी-एच म्हणजे घ. पोराने रोज दिसणाऱ्या पुराव्यावरून नियम काढला आणि तो नव्या शब्दाला लावला. आम्ही हेच करतो तेव्हा आम्हाला त्याचा पगार मिळतो. त्याला वर्गात काय मिळालं? 'ढ' ही पदवी. पेशवाईत 'ध'चा 'मा' झाला होता, इथे रोज 'घ'चा 'ढ' होतोय.

माझं भांडण इंग्रजीशी नाही, आधीच सांगतो. इंग्रजीवरच पोट आहे. भांडण आहे ते या यादीशी.

कारण ती यादी वेडीवाकडी नाहीच. तो लेगसी कोड आहे. जुन्या इंग्रजीत 'नाइट'मध्ये खरोखर एक आवाज होता, घशातून खरखरत येणारा, आपल्या 'ख'च्या जवळचा. जर्मनमध्ये तो अजून आहे: रात्रीला ते 'नाख्ट' म्हणतात. आपल्या संस्कृतात तोच शब्द 'नक्त'. 'डॉटर'ची चुलत बहीण 'दुहिता', आणि त्या 'दुहिता'तला 'ह' जिथून आला, तिथूनच 'डॉटर'मधला जी-एच आला. पुढे इंग्रजांनी तो आवाज बोलायचा सोडला. कुठे तो गायब झाला (नाइट), कुठे त्याचा फ झाला (कफ, लाफ). पण कॅक्स्टनने 1476 च्या सुमारास इंग्लंडात छापखाना घातला आणि हळूहळू स्पेलिंगं गोठत गेली. आवाज गेला, अक्षरं राहिली. फंक्शन कधीच काढून टाकलंय, पण त्याला हाक मारणारी ओळ कोणी पुसली नाही. 'गोस्ट'मधला एच तर कॅक्स्टनच्या छापखान्यातल्या फ्लेमिश वळणाने घुसला असं मानतात. आणि आपले 'घी' नि 'घाट' इंग्रजी डिक्शनरीत गेले ते घ घेऊन. म्हणजे भाचा चुकला नव्हता, फक्त त्याने चुकीच्या गावचा नियम लावला होता.

बरं, इतिहास राहू द्या. नियम तरी सांगा! आय-जी-एच-टी आलं की 'आइट': नाइट, लाइट, राइट, फाइट, टाइट. त्याआधी ई असला तर बहुतेक 'एट': एट, वेट, फ्रेट, 'हाइट' तेवढा अपवाद. ए-यू किंवा ओ-यू नंतर जी-एच-टी आलं तर 'ऑट': कॉट, टॉट, बॉट, थॉट, 'ड्राउट'सारखे एखाद-दुसरे अपवाद. राहिले रफ, टफ, कफ, लाफ, इनफ. ते मूठभर आहेत, ते करा पाठ. चाळीस शब्दांचे चार गठ्ठे झाले. फळा, खडू आणि दहा मिनिटं. याला कुठला स्मार्ट बोर्ड लागतो?

यावर आपल्यातल्याच लोकांचं ठरलेलं उत्तर असतं, "आपण पण घोकूनच शिकलो, काय बिघडलं?" अहो, बिघडलं त्यांचं तुम्हाला कसं कळणार? ते तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये नसतात. जे घोकंपट्टीतून तरले तेच ऑफिसात भेटतात आणि त्यांच्यावरून आपण पद्धत बरोबर ठरवतो. वा रे सॅम्पल! माझा भाचा तरेल. त्याची आई पदवीधर आहे आणि मामा शनिवार-रविवार मोकळा आहे. पण तारापूर एमआयडीसीत कंत्राटावर राबणारा बाप पोटाला चिमटा काढून फी भरतो, त्याच्या पोराला घरी कोण सांगणार? ज्या पोरीची घरची बोली वारली आहे, तिला शाळेतली मराठीच आधी नवी, आणि महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तिच्यापुढे कारणाशिवाय यादी टाकायची म्हणजे तिला एवढंच शिकवायचं, की तुझं डोकं चालवू नकोस, ते इथे चालत नाही. स्पेलिंग चुकलं तर सुधारता येतं. हे एकदा मनात बसलं की निघत नाही.

आणि हे सगळं कुठे चाललंय? ज्या जिल्ह्यात ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि मग अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर मुलांच्या अंगणात जाऊन शाळा भरवली, तिथे! गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली. शिंपले, खडे, पानं ही त्यांची साधनं. मूल जिथे उभं आहे तिथून सुरुवात करायची, हा त्यांचा हिशोब होता. पालघरची पाटी हे तसंच फुकटचं साधन आहे. तिसरीतल्या पोराला ते दिसलं, शाळेला नाही.

मास्तरांनाच झोडायचं नाहीये. वर्ग भरलेले, पोर्शन संपवायचा, आणि वह्या भरलेल्या दिसल्या की आपण पालकही खूश. ती यादी आपल्यालाच हवी असते, खरं सांगायचं तर.

रविवारी आम्ही दोघांनी मिळून चार गठ्ठे केले. अर्ध्या तासात झाले. पाचवा गठ्ठा त्याने स्वतः केला: पालघर, घोलवड, घी, घाट आणि वाघ. वर लिहिलं, 'आपले'.

सोमवारी यादी दहा-दहा वेळा लिहिलेली नव्हती, म्हणून वहीवर लाल शेरा मिळाला. ताईचा फोन आला होता. मी म्हटलं, पुढच्या वेळी शाळेत मी येतो.

असो. शनिवारची विरारच्या पुढची गाडी बघून ठेवलीये.