गोल मांडलेल्या बारा खुर्च्या

आमच्या घरात एक वाक्य फार सहज बोललं जायचं – ‘नमाज पढ, बरं वाटेल.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण दोन वर्षांपूर्वी मी ते माझ्या मुलीला ऐकवलं, तेव्हा मला खरं तर ‘गप्प बस’ म्हणायचं होतं. हे माझं मला कळायला बरेच महिने लागले.

आम्ही इंदापूरचे. मुलगी बारामतीच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी यायचं. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. आमच्या घराण्यातली कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. त्या दिवाळीनंतर तिचं जेवण कमी झालं, बोलणं तुटलं. एसटीचा पास काढलेला, पण चार दिवसांतून दोनदा ‘डोकं दुखतंय’ म्हणून घरी. तिची आई म्हणाली, नजर लागली. चाँदशावली बाबांच्या दर्ग्यात जाऊन आलो. मी नमाजचं सांगितलं. ती पाच वक्त पढत होतीच. मी ते विचारलंसुद्धा नव्हतं.

त्याच सुमारास तिच्या कॉलेजात दर शनिवारी गट-समुपदेशन सुरू झालं. पुण्याहून एक समुपदेशक बाई यायच्या. एका वर्गात बारा खुर्च्या गोल मांडायच्या आणि दीड तास बोलायचं. तिला एका मैत्रिणीने ओढून नेलं. घरी आल्यावर मी विचारलं, काय बोललात? ती म्हणाली, “अब्बा, वहाँ की बात वहींच रहती.” मला राग आला. बापापासून काय लपवायचं? पण त्या रात्री ती सगळ्यांबरोबर जेवायला बसली. महिनाभराने स्वतःहून एवढंच सांगितलं, “मेरे अकेली का नहीं है अब्बा, सबका है.”

‘सबका है’ हे कळणं हाच या पद्धतीचा गाभा आहे. १९०५ साली बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात केली. सॅनेटोरियमचा खर्च न परवडणारी ही माणसं. औषधपाणी आणि स्वच्छता समजावणं हा मूळ हेतू होता. पण एकमेकांना पाहून, एकमेकांचं ऐकून रुग्णांना उभारी येते, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे ही पद्धत गरिबांच्या गरजेतूनच उभी राहिली. आपल्या पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’मध्येही व्यसन सोडणारी माणसं गटात बसून बोलतात. डॉक्टरने दहा वेळा सांगून जे पटत नाही, ते त्याच वाटेने गेलेला माणूस एकदा बोलला की पटतं.

आपल्याकडे गोल बसणं काही नवं नाही. गावाचा पार आहे, भजनी मंडळ आहे, मोहल्ल्यातली मजलिस आहे. पण पारावर ‘मी तिसऱ्यांदा एमपीएससी नापास झालो आणि घरी खोटं सांगितलं’ असं कोणी बोलत नाही. बोललाच तर संध्याकाळपर्यंत ते भवानीनगरला पोचलेलं असतं. म्हणून बारा खुर्च्यांना नियम लागतात. इथलं बाहेर जाणार नाही. कोणी कोणाला उपदेश करणार नाही. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकलं तरी चालेल. आणि कोणाच्या जिवाला धोका दिसला तर मात्र समुपदेशक ते गुपित ठेवणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगायचं. लहान गावात आणखी एक पथ्य पाळावं लागतं : गट करण्याआधी प्रत्येकाशी वेगळं बोलून घ्यायचं, म्हणजे चुलत बहीण किंवा भावकीतला मुलगा समोर येऊन बसत नाही. मुलींना हवा असेल तर वेगळा गट द्यायचा.

गट हा सगळ्यांवरचा इलाज नाही, हेही खरं. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार चालू आहेत, ज्याला भास होतात, जिच्यावर नुकताच अत्याचार झाला आहे, त्यांना आधी एकट्याने भेटणारा तज्ज्ञ हवा.

आता आपल्या समाजाशी थोडं बोलतो. मन आजारी पडलं की आपण ‘ईमान कमजोर’ म्हणून मोकळे होतो. यूसुफच्या विरहात रडून रडून हजरत याकूब (अ.) यांचे डोळे गेले, त्यांचं ईमान कमजोर होतं असं कोण म्हणेल? हजरत खदीजा आणि अबू तालिब गेले ते वर्ष आपण ‘आमुल हुज्न’, दुःखाचं वर्ष, याच नावाने ओळखतो. हजारेक वर्षांपूर्वी अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोघांच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिलं. सब्र म्हणजे तोंड दाबून बसणं, हा अर्थ आपण नंतर चिकटवला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यात महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. पण आमच्या मुलांसाठी विद्यापीठ म्हणजे हॉल तिकिटावरचं नाव. ते पुण्यात गणेशखिंडीत आहे आणि आमची मुलं इंदापूरच्या स्टँडवर आहेत. समुपदेशन त्यांच्यापर्यंत यायचं तर ते त्यांच्याच कॉलेजात आणि कॉलेजच्याच वेळात व्हायला हवं. पाचला बैठक ठेवून साडेपाचची गाडी चुकवायला लावली, तर खेड्यातली मुलगी दुसऱ्यांदा येणार नाही.

माझ्या मुलीचा गट वर्षभर चालला. नॅकची समिती येऊन गेली, फोटो फाइलला लागले आणि पुढच्या सत्रात बाई आल्या नाहीत. त्यांना तासावर पैसे मिळत होते. खुर्च्या पुन्हा सरळ रांगेत लागल्या. मुलगी सावरली होती. बाकी अकरा जणांचं काय झालं, ते मला माहीत नाही आणि विचारण्याचा हक्कही नाही. ‘वहाँ की बात’ आहे ती.

पण एक गोष्ट विचारण्याचा हक्क मला आहे, आणि तुम्हालाही. फी भरायला जाल तेव्हा प्राचार्यांना विचारा : तुमचे समुपदेशक कोण? गट कोणत्या वारी, किती वाजता बसतो? ते पगारावर आहेत की तासावर? एकट्याने विचारलं तर हसतील. दहा-बारा पालक मिळून गेलो तर खुर्च्या द्याव्या लागतील. तोवर ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक मुलांच्या फोनमध्ये असू द्या. चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

नमाज मी आजही सांगतो. फक्त आधी विचारतो, “बैठ बेटा, क्या हुआ?”