एकक नाही, ती माहिती नाही

‘या फरसाणात मीठ किती?’ असं तुम्ही मोबाइलमधल्या एआयला विचारता. तो खाद्यपदार्थांच्या साठ्यात शोधतो. कसं शोधायचं, आकडा कशाचा, हे त्याला शोध-साधनाच्या वर्णनातून कळतं. तिथे नुसतं ‘उत्पादनाची माहिती देते’ लिहिणं म्हणजे चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहून डोसच न लिहिणं!

आकडा १०० ग्रॅमचा की एका वाढणीचा? मिठाचा की सोडियमचा? १ ग्रॅम सोडियम म्हणजे साधारण २.५ ग्रॅम मीठ. प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथे गल्लत झाली, तर रक्तदाबाच्या रुग्णाचा हिशेब अडीचपट चुकतो. आणि रिकामी नोंद म्हणजे शून्य नव्हे, ‘माहीत नाही’. हे सगळं वर्णनात स्पष्ट हवं.

‘एआय हुशार आहे, समजून घेईल’ ही सबब मला मान्य नाही. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी माहितीच्या अधिकारासाठी २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केलं. तो अधिकार अर्धवट आकड्यांसाठी नव्हता.

तोवर तुम्ही एवढं करा: उत्तर मिळालं की विचारा, ‘किती ग्रॅममध्ये? मीठ की सोडियम?’ आणि पाकिटावरचं लेबल स्वतः वाचा.