नापास कोण झालं?

मंडळी, माळ्यावरचा २००३ सालचा पेंटियम-४ परवा खाली काढला. म्हटलं, नातीला टायपिंगपुरता होईल. डेबियन १२ ची डीव्हीडी घातली, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि गाडी अडली. तीनदा बंद-चालू केलं, रॅम काढून पुसून बसवली, नवी डीव्हीडी लिहिली. तेच. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, भंगारात द्या आता."

शेवटी चष्मा लावून त्या ओळी वाचल्या. सरळ लिहिलं होतं की ह्या कर्नलला ६४-बिट प्रोसेसर लागतो, इथे सापडला तो आय-६८६, म्हणजे ३२-बिटचा. जन्मभर पोरांना 'आधी प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडलो तो मीच!

माझं मत विचाराल तर 'जुळत नाही' आणि 'बिघडलंय' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण दोन्हींना सरसकट भंगारवाल्याकडे धाडतो. डेबियन १२ चीच ३२-बिटची आवृत्ती उतरवली, सोबत हलका एलएक्सडीई डेस्कटॉप, आणि यंत्र सुरू! (२०२५ च्या डेबियन १३ ला मात्र ३२-बिटचा इन्स्टॉलरच नाही, तेव्हा पुढचा वर्ग ह्याला नाही.)

नात विचारते, "आजोबा, ह्यावर व्हिडिओ का अडकतात?" म्हटलं, अडकू देत, तू टायपिंग कर.